‘द विचर’चा पहिला भाग आत्ता खेळायला घेताय? मग आधी हे वाचा

तिसरा भाग खेळून माणूस वेडा होतो, मग कुठल्यातरी सेलमध्ये पहिला भाग किरकोळ पैशात दिसतो, घेऊन टाकतो, तासभर खेळतो आणि "काय भंगार कंट्रोल आहेत राव" म्हणत अनइन्स्टॉल करतो. हे इतक्या लोकांचं बघितलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

गेम ऑक्टोबर २००७ चा. पोलंडमधल्या वॉर्सॉच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा पहिलावहिला गेम, त्याआधी ही कंपनी मुख्यतः दुसऱ्यांचे गेम पोलंडमध्ये आणून विकायची. इंजिनही उसनं, बायोवेअरचं ऑरोरा, ‘नेव्हरविंटर नाइट्स’वालं. त्यामुळे हालचाली अवघडलेल्या आहेत, तीच म्हातारी पाच घरांत भेटते, दर दारापाशी लोडिंग येतं, सगळं मान्य. पण गोष्ट अशी काळीकुट्ट आहे आणि ती सांगायची पद्धत इतकी बेरकी आहे की नंतरच्या दोन्ही भागांत मला तशी सापडली नाही. फक्त तिथपर्यंत पोचायला पहिले चार-पाच तास तग धरावा लागतो. हा लेख त्या चार-पाच तासांसाठी. पहिल्या प्रकरणाबद्दल जरा मोकळेपणानं लिहिलंय, त्यापुढचं जपून.

आधी ठरवा की हे तुम्हाला झेपणार आहे का

हा खरोखर मोठ्यांचा गेम आहे, युरोपात त्याला १८ चं रेटिंग आहे आणि ते नुसतं रक्त उडतं म्हणून नाही. बलात्कार, आत्महत्या, लहान पोरांना पळवणं, सख्ख्या भावाचा खून, एल्फ आणि बुटक्यांबद्दलचा रोजच्या बोलण्यातला द्वेष, एका बाईला चेटकीण ठरवून मारायला निघालेला जमाव, हे सगळं पहिल्याच प्रकरणात येऊन जातं. आणि बहुतेक वेळा ते पडद्यावर दाखवत नाहीत, कुणीतरी सहज बोलता बोलता सांगून जातं, ते जास्त लागतं. घरात पोरं असतील तर हेडफोन लावा आणि स्क्रीन भिंतीकडे करा.

दुसरी गोष्ट ते बदनाम पत्ते. एखाद्या बाईबरोबर रात्र घालवली की तिचं अर्धनग्न चित्र असलेला पत्ता बक्षीस म्हणून मिळतो. अमेरिकेतल्या मूळ आवृत्तीत ही चित्रं झाकलेली होती, आणि दुसऱ्या भागात कंपनीनं हा प्रकारच बंद केला. माझं मत विचाराल तर बालिशपणा आहे, इतकी गंभीर गोष्ट चालू असताना मध्येच हे कलेक्शन कशाला काढलं कळत नाही. एकही पत्ता नाही मिळवला तरी गोष्टीत काही अडत नाही, तेव्हा नकोसं वाटलं तर सरळ नाही म्हणा आणि पुढे चला.

पुस्तकं वाचलेली हवीत का, असं बरेच जण विचारतात. नकोत. आंद्रेय सापकोव्स्कींच्या कथा-कादंबऱ्या जिथे संपतात त्याच्या नंतर हा गेम सुरू होतो, पण हिरो गेराल्टची, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या विचरची, स्मृती गेलेली आहे. म्हणजे कोण मित्र, कोण शत्रू, हे जेवढं तुम्हाला माहीत तेवढंच त्याला. नव्या माणसाला याहून सोयीचं काय असणार.

इन्स्टॉल करताना

एन्हान्स्ड एडिशनच हवी, ती २००८ ला आली आणि आता दुकानांत तीच मिळते. मूळ आवृत्तीत लोडिंगला लागणारा वेळ हा एक विनोद होता, तो बराच कमी झाला, इंग्लिश संवाद सुधारले, पात्रांच्या हातवाऱ्यांत थोडं वैविध्य आलं आणि इन्व्हेंटरीत अल्केमीच्या (औषधं-तेलं बनवायच्या) सामानाला वेगळा कप्पा मिळाला. सोबत दोन जादाची साहसं येतात, ती मुख्य गोष्ट संपेपर्यंत उघडूच नका.

साधा लॅपटॉप चालतो, ग्राफिक्स कार्ड नसलं तरी आजच्या मशिनवर सहसा अडचण येत नाही. माउस मात्र पाहिजेच. टचपॅडवर हा गेम खेळणं म्हणजे स्वतःचा छळ, कारण सगळी लढाई क्लिकच्या टायमिंगवर आहे. गेमपॅडचा विचार सोडा, हा कन्सोलवर कधी आलाच नाही.

आवाजाची भाषा इंग्लिश ठेवावी की पोलिश? इंग्लिशमध्ये गेराल्टचा आवाज डग कॉकलचा आहे, तोच तिसऱ्या भागातला, पण इथे तो अजून चाचपडतोय असं वाटतं. पोलिशमध्ये यात्सेक रोझेनेक आहे आणि गावातल्या लोकांची भांडणं, शिव्या, दारूड्यांची बडबड त्या भाषेत जास्त खरी वाटते. सबटायटल्स तशीही वाचावी लागणारच आहेत, तेव्हा एकदा पोलिश लावून बघा.

रिमेकची वाट बघू का असाही प्रश्न असतो. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालाय, फूल्स थिअरी नावाचा स्टुडिओ अनरियल इंजिन ५ वर बनवतोय. येईल तेव्हा येईल, तोवर हा खेळून घ्या.

डिफिकल्टी, कॅमेरा, आणि सेव्ह

मिडियम निवडा. ईझीवर अल्केमीची गरजच पडत नाही आणि अर्धा गेम वाया जातो. हार्डवर क्लिक कधी करायचं हे सांगणारी खूण दिसत नाही, ते दुसऱ्या खेपेला.

कॅमेरे तीन आहेत, दोन वरून बघणारे आणि एक गेराल्टच्या पाठीमागून. चालायला, गावात फिरायला पाठीमागचा घ्या. चार-पाच जण अंगावर आले की वरचा. एकाच कॅमेऱ्यावर हट्टानं खेळू नका. स्पेसबार दाबला की गेम थांबतो, थांबवून बघून मग परत चालू करणं ही इथे लबाडी नाहीये, गेम तसाच बनवलाय.

आता सेव्हचं. स्वतःच्या हातानं वरचेवर सेव्ह करा. पण फाइली मोठ्या असतात आणि साठत जातात, मग सेव्ह-लोडचा मेन्यू उघडायलाच वेळ लागायला लागतो, म्हणून जुन्या अधूनमधून उडवत जा. आणि एक लक्षात घ्या, सेव्ह करून ठेवलं म्हणजे चुकीचा निर्णय मागे घेता येईल अशी जी आपल्याला सवय असते ती इथे चालत नाही. का ते खाली येईलच.

प्रोलॉग

विचर लोकांच्या केर मोर्हेनच्या किल्ल्यात सुरुवात. हल्ला होतो, लढायला शिकवतात. मध्येच दोन वाटा समोर येतात, अंगणात आलेल्या मोठ्या राक्षसाशी लढायचं की ट्रिस या जादूगारणीबरोबर प्रयोगशाळेकडे जायचं. कुठलीही घ्या, गोष्ट पुढे एकाच ठिकाणी येते. मग जखमी ट्रिससाठी औषध बनवायचं असतं, त्यात लोक कंटाळतात कारण सामान कुठे आहे कळत नाही. सगळ्या मजल्यांवर फिरा, मित्रांशी बोला, जर्नल उघडून वाचा. जर्नल वाचायची सवय इथेच लावून घ्या, हा गेम डोक्यावर पिवळा बाण नाचवून प्रत्येक गोष्ट दाखवत नाही.

लढाई: धडाधड क्लिक करू नका

इथेच सगळे अडकतात म्हणून जरा सविस्तर. तलवारी दोन, माणसांसाठी पोलादी आणि राक्षसांसाठी चांदीची. चांदीची लगेच मिळत नाही, पहिलं पूर्ण प्रकरण पोलादीवरच काढायचंय, म्हणून सुरुवातीचे पॉइंट चांदीच्या कौशल्यांत घालून बसू नका. प्रत्येक तलवारीच्या तीन शैली: स्ट्राँग, फास्ट आणि ग्रुप. जड, चिलखती, संथ शत्रूला स्ट्राँग. चपळ असेल त्याला फास्ट. तीन किंवा जास्त जणांनी घेरलं की ग्रुप. समोरचा तुमचा प्रत्येक वार चुकवतोय किंवा अडवतोय असं दिसलं तर शैली चुकलीय, बाकी काही नाही, बदला.

आता क्लिक. एकदा क्लिक केलं की गेराल्ट आपला वारांचा एक पूर्ण फेरा मारतो, तो संपता संपता कर्सर पेटल्यासारखा होतो, बरोब्बर त्या क्षणी दुसरं क्लिक. मग तिसरं. लेझीमसारखं आहे हे, ठेक्यावर पडलं तरच पुढचा हात निघतो, घाई केली की सगळी साखळी तुटते आणि गेराल्ट बावळटासारखा उभा राहतो. ज्यांना वाटतं गेम खराब आहे ते नव्वद टक्के वेळा धडाधड क्लिक करत असतात. प्रोलॉगमध्येच दहा मिनिटं फक्त ठेका पकडायला द्या. दिशेचं बटण पटकन दोनदा दाबलं की गेराल्ट उडी मारून किंवा गिरकी घेऊन बाजूला होतो, घेरलं गेल्यावर बाहेर पडायला हेच.

साइन्स म्हणजे गेराल्टच्या छोट्या जादू, त्यात पहिल्यांदा आर्ड. धक्का बसून शत्रू पडला किंवा गरगरला की एका वारात संपवता येतो, मग त्याची तब्येत कितीही शिल्लक असो. सुरुवातीच्या गरिबीत यासारखा आधार नाही, त्यामुळे दोन-चार पॉइंट बिनधास्त आर्डला द्या. पुढे आगीची इग्नी मिळते, तिच्यावरही बरेच जण अख्खा गेम काढतात.

पॉइंट म्हणजे इथली टॅलेंट्स, ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशी. सुरुवातीला फक्त ब्राँझ मिळतात. ती लेव्हल वाढली की लगेच वापरता येत नाहीत, शेकोटीपाशी किंवा खानावळीत खोली घेऊन मेडिटेशनला बसावं लागतं. सगळ्यात पहिलं ब्राँझ इंटेलिजन्समधल्या हर्बलिझमला द्या. ते नसेल तर रस्त्याकडेला उगवलेली एकही वनस्पती तोडता येत नाही आणि अल्केमी सगळी विकतच्या सामानावर येते. नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही आणि तो पाचव्या लेव्हलपर्यंत झुडपांवर क्लिक करत बसतो.

अल्केमी

दिसते तेवढी अवघड नाही. मूळ द्रव्यं सहा: व्हिट्रिऑल, रेबिस, ईथर, क्वेब्रिथ, हायड्राजेनम, व्हर्मिलियन. प्रत्येक वनस्पतीत किंवा राक्षसाच्या अवयवात यातलं एक असतं. फॉर्म्युला सांगतो कुठलं किती हवं, मग ते द्रव्य असलेलं काहीही टाका, अमुकच पान पाहिजे असं नाही. पोशनला बेस लागतो कडक दारूचा, तलवारीला लावायच्या तेलाला चरबीचा. दारू जेवढी उंची तेवढ्या जास्त वस्तू त्यात मावतात. म्हणून दारू मिळेल तिथून घ्या, पण पिऊ नका, गेराल्टला खरंच चढते आणि स्क्रीन डुलायला लागते.

पहिलं बनवायचं स्वॅलो, हळूहळू तब्येत भरत राहतं. अंधाऱ्या गुहेसाठी कॅट. लढाई सुरू व्हायच्या आधी प्या, ऐन वेळेला नको. प्रत्येक पोशननं अंगातलं विष वाढतं, मर्यादा ओलांडली तर औषधच जीव खातं. मेडिटेशन केलं की ते उतरतं.

आणि राक्षसाची माहिती जर्नलमध्ये नसेल तर तो मारूनही त्याच्याकडून काही काढता येत नाही. माहिती मिळते पुस्तकांतून, पण पुस्तकं सुरुवातीला परवडत नाहीत. यावर उपाय म्हाताऱ्या बायका. गावातल्या आज्यांशी बोला, काहीतरी खायला द्या, त्या गोष्टी सांगता सांगता राक्षसांची माहिती देतात. पुस्तक घेतलंच तर वाचून झाल्यावर विकून टाका, माहिती जर्नलमध्ये राहते.

पहिलं प्रकरण: विझिमाच्या वेशीबाहेरची वस्ती

शहरात साथ आहे, दरवाजे बंद, आत जायचं तर गावातल्या धर्मगुरूची मर्जी मिळवायची. गावावर रात्री एक भुताटकीचा कुत्रा येतोय, त्याला हे लोक बीस्ट म्हणतात. धर्मगुरू म्हणतो अमुक करा, तमुक माणसांची कामं करा, ते म्हणतील हा माणूस बरा आहे तर मी तुम्हाला मदत करतो. ऐकायला साधं.

इथे माझा एकच सल्ला, सावकाश. दिवसा सगळ्यांशी बोला, रात्री बाहेर पडा. रात्री बार्गेस्ट, म्हणजे भुताटकीचे कुत्रे, येतात कळपानं, तिथे ग्रुप शैली वापरायची. लोकांना स्वतःचं रूटीन आहे, पाऊस आला की वळचणीला उभे राहतात, रात्री घरी जातात, त्यामुळे माणूस सापडला नाही तर मेडिटेशन करून सकाळ करा. खानावळीजवळच्या बोर्डवरची सगळी काँट्रॅक्ट्स घ्या. पैसे इथे ओरेन, आणि ते कायम कमीच असतात. फासे पोकर शिकून घ्या, हरायला लागलात तर आधीचं सेव्ह लोड करा, तिथे लाज बाळगायचं कारण नाही. नको असलेलं सामान खानावळवाल्याकडे ठेवता येतं आणि ते पुढच्या प्रकरणातल्या खानावळीतही मिळतं.

महत्त्वाचं म्हणजे हे गाव नंतर परत मिळत नाही. प्रकरण संपलं की दार बंद, अर्धवट राहिलेली कामं तिथेच फसतात.

हारेन ब्रॉग नावाचा एक व्यापारी तुम्हाला रात्री नदीकाठी त्याच्या पेट्या राखायला लावतो. पाण्यातून ड्राउनर नावाचे राक्षस येतात, त्यांना मारता, आणि मग एल्फ बंडखोर येऊन म्हणतात या पेट्या आमच्या आहेत, दे. द्यायच्या की लढायचं? तुम्ही काहीतरी ठरवता, अनुभवाचे पॉइंट मिळतात, विसरून जाता. मग काही तासांनी, दुसऱ्या प्रकरणात, तुम्ही पेट्या दिल्या असतील तर ज्या माणसाकडून माहिती काढायची होती तो बाणांनी मेलेला सापडतो आणि गेराल्ट स्वतःशी आठवतो की ती शस्त्रं कुणी जाऊ दिली. नाही दिल्या असतील तर एल्फांच्या नजरेत तुम्ही काय ठरलात ते नंतर कळतं. आता तुमचं ते जुनं सेव्ह आठ-दहा तास मागे आहे. कोण जातंय परत. त्यामुळे सेव्हचा भरवसा सोडा, बरोबर उत्तर कुठलं हे गाइडमध्ये शोधू नका, ते नाहीये. तुम्हाला त्या क्षणी जे पटतंय ते करा आणि पुढे जे येईल ते भोगा.

ॲबिगेल या चेटकिणीचंही तसंच. गाव म्हणतं सगळं हिच्यामुळे. शेवटी गुहेत तुम्हाला ठरवावं लागतं, तिला जमावाच्या हवाली करायचं की तिच्या बाजूनं उभं राहायचं. त्याआधी गावातल्या प्रत्येक प्रतिष्ठित माणसाचं काम मनापासून करा आणि तो काय बोलतो, काय लपवतो ते ऐका. भावाचा खून पचवून बसलेला कोण, एका मुलीला मरायला लावून वर पहारा देतोय तो कोण, हे सगळं बाजूबाजूच्या संवादांत पडलेलं आहे. घाईघाईत क्लिक करत गेलात तर शेवटचा निर्णय म्हणजे नुसतं नाणं उडवणं होईल. ती बाईसुद्धा धुतल्या तांदळासारखी नाही बरं का, त्यातच तर सगळी गंमत.

बीस्टशी लढाई नवशिक्यांना रडवते. गुहेत जायच्या आधीच तयारी करा कारण गुहेतली मारामारी, मग तो निर्णय, मग बाहेर बीस्ट, मध्ये निवांत बसायला मिळत नाही. मेडिटेशन करून तब्येत पूर्ण भरा, दोन-तीन स्वॅलो जवळ ठेवा, स्पेक्टर ऑइल मिळालं असेल तर तलवारीला लावा, तो भुतांच्या जातीतलाच आहे. त्याच्याबरोबर बार्गेस्टही येतात, आधी ग्रुपनं त्यांना कमी करा, आर्ड मारत राहा, एकदा का तो गरगरला की झालं. कोपऱ्यात सापडू नका.

पुढे काय अपेक्षा ठेवायची

दुसरं प्रकरण सगळ्यात लांब आणि सगळ्यात जास्त लोक इथे सोडतात. शहर आणि दलदल यांच्यात नावेनं हेलपाटे मारायला लागतात, त्यामुळे दलदलीतली कामं साठवून एकाच खेपेत करा. तिथे ब्लोडझाउगर नावाचे प्राणी मरताना फुटून अंगावर ॲसिड उडवतात, शेवटचा वार केला की मागे सरका. याच प्रकरणात एक गुन्ह्याचा तपास आहे, संशयित बरेच, शवविच्छेदन आहे. त्याआधी संबंधित पुस्तकं वाचा आणि कुणी आयतं उत्तर हातात देत असेल तर तो का देतोय याचा विचार करा. एवढंच सांगतो.

तिसऱ्यापासून तुम्हाला ऑर्डर ऑफ द फ्लेमिंग रोजचे सरदार आणि स्कोयाताएल, म्हणजे ते एल्फ वगैरे बंडखोर, यांच्यात बाजू निवडायला लावतात, किंवा दोघांनाही झिडकारता येतं. दोन्ही बाजूंना एक-एक माणूस असा दिलाय की तो आवडतो, आणि दोन्ही बाजू घाणेरडी कामं करतात. चौथं प्रकरण गावाकडचं, तलाव, शेतं, लग्नाची गडबड, अदाम स्कोरुपा आणि पावेऊ ब्वाश्चाकचं संगीत इथे खरं खुलतं. पुष्कळांचं हे आवडतं प्रकरण आहे, माझंही, तिथे घाई करू नका. पाचवं एकदा सुरू झालं की वेग पकडतं, आधीची बाजूची कामं उरकून जा.

संपल्यावर शेवटची सेव्ह फाइल जपून ठेवा. डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या सेव्हजमध्ये. दुसरा भाग सुरू करताना ती इंपोर्ट करता येते, तुमची काही शस्त्रं-चिलखत बरोबर येतात. लॅपटॉप फॉरमॅट करणार असाल तर आधी पेनड्राइव्हवर कॉपी मारा.